परका मास्तर किती वर्षे थांबावा?

परक्या मुलखात, अडचणीच्या जागी इंग्रजी शिकवायला गेलेला शिक्षक किती काळ टिकतो, या प्रश्नाकडे आपण सहसा चारित्र्याचा प्रश्न म्हणून पाहतो. वीस वर्षे राहिला तो तपस्वी, दोन वर्षांत परतला तो हौशी आणि वर्ष भरायच्या आत गाठोडे बांधून निघाला तो पळपुटा, अशी आपली सोपी वाटणी असते. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या किंवा गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या जिल्हा परिषद शाळेत बाहेरून आलेल्या शिक्षकालाही आपण हेच माप लावतो. फरक इतकाच की, परदेशी माणूस दोन वर्षे राहिला तरी त्याचा सत्कार होतो आणि आपला सांगली-बीडचा मास्तर तीन वर्षे राहून बदली मागू लागला की त्याला नावे ठेवली जातात. माझ्या मते ही वाटणी मुळातच चुकीची आहे. अवघड जागी शिक्षक किती काळ थांबेल, हे बहुतांशी त्याच्या अंगच्या त्यागावर ठरत नाही. त्याला पाठवणाऱ्याने मुदत किती ठरवली, ती कशावरून ठरवली आणि त्या मुदतीत त्याला कशाच्या आधारावर ठेवले, यांवर ते ठरते. आणि ही मुदत मुलाच्या शिकण्याच्या गतीवरून ठरायला हवी, आर्थिक वर्षावरून किंवा कर्मचाऱ्याच्या सेवाज्येष्ठतेवरून नव्हे.

परदेशात इंग्रजी शिकवायला माणसे पाठवण्याचा सर्वांत मोठा आणि दीर्घ अनुभव ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मुदतीचा प्रश्न कसा सोडवला, हे आधी पाहू. अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कॉर्प्स ही स्वयंसेवक परदेशी पाठवणारी संस्था सुरू केली. तिची पहिली तुकडी त्याच वर्षी घानात उतरली आणि ती शिक्षकांची होती. भारतातही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत होते. या संस्थेची मुदत जवळपास ठरलेली असते: सुमारे तीन महिने प्रशिक्षण, त्यातला मोठा भाग स्थानिक भाषेचा, आणि नंतर दोन वर्षे प्रत्यक्ष काम. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएसओ या अशाच संस्थेने सुरुवातीला शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुले वर्षभरासाठी पाठवली. पुढे मात्र ती पदवीधर आणि प्रशिक्षित माणसांकडे आणि दोन वर्षांच्या मुदतीकडे वळली. जपानने १९८७ मध्ये जेट या नावाने योजना आणली. तिच्यात परदेशी तरुण जपानी शिक्षकाचा सहायक म्हणून वर्गात उभा राहतो. करार एका वर्षाचा असतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो. पूर्वी त्याला तीन वर्षांची मर्यादा होती, २००७ पासून ती पाच वर्षांची झाली. दक्षिण कोरियाच्या सरकारी योजनेतही करार वर्षाचाच असतो. वर्ष पुरे केले तर एका महिन्याचा जादा पगार आणि परतीचे भाडे मिळते, आणि खेड्यातल्या शाळेत गेल्यास काही रक्कम वर मिळते.

यातली एकही मुदत त्यागावर उभी नाही. प्रत्येकीला सुरुवात आहे, शेवट आहे आणि दोन्ही तारखा उमेदवाराला घर सोडण्याआधी माहीत असतात. आपल्याकडच्या शिक्षकाची स्थिती नेमकी उलटी असते. त्याला नेमणूक मिळते ती कायमची आणि त्याचे मन असते ते पुढच्या बदलीच्या यादीत. कागदावर तो अनिश्चित काळासाठी तिथे असतो, म्हणूनच मनाने तो एकही दिवस तिथे नसतो.

तरीही वर्षाच्या कराराचे कौतुक करण्याचे कारण नाही. विदर्भात सालगडी पाडव्याला ठेवतात आणि पुढच्या पाडव्याला हिशेब करून एक तर पुन्हा बोली होते, नाही तर तो दुसऱ्याच्या वाड्यावर जातो. त्या व्यवहारात अन्याय कितीही असला तरी एक तर्क आहे: एका सालात एक खरीप आणि एक रब्बी पुरी होते, म्हणजे गड्याची मुदत आणि पिकाची मुदत जुळते. वर्षाच्या करारावर आलेल्या इंग्रजी शिक्षकाच्या बाबतीत हा मेळ कुठेच बसत नाही. त्याच्या वर्षात मुलाचे काहीच पुरे होत नाही आणि त्याचे स्वतःचेही होत नाही.

स्वतःचे का होत नाही, याबद्दल एक जुना अभ्यास सांगण्यासारखा आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या अनुभवावर निबंध लिहिला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक त्यांना बऱ्यापैकी रुळलेले आढळले. सहा ते अठरा महिने राहिलेले मात्र सर्वांत अस्वस्थ होते, म्हणजे रुळण्याची रेषा आधी वर, मध्ये खोल आणि पुढे पुन्हा वर अशी जाते. पुढच्या संशोधकांनी या वक्ररेषेवर बऱ्याच शंका घेतल्या, अनेकांना सर्वांत कठीण काळ अगदी सुरुवातीचाच जातो असेही दाखवून दिले, आणि शिवाय नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला विद्वान व एखाद्या डोंगराळ वस्तीत गेलेला शिक्षक यांची तुलना ओढूनताणूनच करावी लागते. पण मेळघाटात बाहेरून आलेल्या तरुण शिक्षकांना जवळून पाहिलेल्या कोणालाही या निरीक्षणातले तथ्य मान्य करावे लागेल. पहिले काही महिने नवलाईत जातात. जंगल, घाट, सेमाडोहचे वळण, सगळ्यांचे फोटो निघतात. मग पावसात वीज जाते ती आठवडा-आठवडा येत नाही, मोबाईलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, मुले मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गप्प राहतात, आणि दिवाळीला घरी गेलेला माणूस परत येतो तो निम्माच. वर्षाचा करार संपतो तो नेमका या खोल भागात. ज्याला आणखी सहा महिने मिळाले असते तर वर सरकता आले असते, त्याला आपण खाली असतानाच विचारतो की, राहणार की जाणार?

जपानच्या योजनेतही हा दोष आहे, आणि ती जगातल्या चांगल्या चालवलेल्या योजनांपैकी एक असूनही आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे बहुतेक शिक्षक जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचतात आणि पुढच्या वर्षी राहणार की नाही हे त्यांना साधारण फेब्रुवारीपर्यंत कळवावे लागते. म्हणजे आल्यावर जेमतेम सहा महिन्यांनी, ऐन हिवाळ्यात, एखाद्या लहान गावातल्या थंड घरात बसून हा निर्णय घ्यायचा. प्रशासनाला नव्या भरतीसाठी वेळ हवा, म्हणून ही तारीख ठरली आहे; शिक्षकाच्या मनाचा किंवा मुलांच्या प्रगतीचा त्यात विचार नाही.

मुलाची बाजू याहून स्पष्ट आहे. टोरांटोचे भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक भेद मांडला, जो आता शिक्षणशास्त्रात रुळला आहे. परदेशातून आलेल्या मुलाला नव्या भाषेत रोजचे बोलणे जमायला साधारण दोन वर्षे लागतात. त्याच भाषेत अभ्यास करण्याइतकी पकड यायला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हे निष्कर्ष कॅनडातल्या, चोवीस तास इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलांबद्दलचे आहेत. आता त्याच्या जागी धारणी तालुक्यातले कोरकू मूल ठेवून पाहा. त्याची घरची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी तिचे नातेच नाही. बाजारात त्याच्या कानावर हिंदी पडते. शाळेचे माध्यम मराठी. आणि २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहाव्या वर्षी ते मूल चौथ्या भाषेच्या दारात उभे असते. गडचिरोलीच्या माडिया मुलाचेही असेच आहे. त्याची भाषा द्रविड कुळातली. या मुलाला दर वर्षी नवा इंग्रजी शिक्षक देणे म्हणजे दर वर्षी त्याला पुन्हा ‘ए फॉर ॲपल’पाशी आणून सोडणे होय, कारण नव्या माणसाला वर्ग कुठवर आला आहे हे कळत नाही, आणि कळेपर्यंत त्याचीही वेळ झालेली असते. सहावीच्या मुलांना चार वर्षे सलग तेच पान शिकवले गेल्याचे मी पाहिले आहे. चारही शिक्षक आपापल्या परीने प्रामाणिक होते.

शिक्षक सोडून का जातात, याची उत्तरे आपण बहुधा आधीच ठरवलेली असतात: पाणी, रस्ता, वीज, साप, मलेरिया. ही कारणे खोटी नाहीत, पण तेवढ्याने माणूस जात नाही. वरुड तालुक्यातला माझ्या ओळखीचा एक तरुण बी.एड. झाल्यावर इथल्या संस्थांच्या देणगीच्या बाजारात न शिरता मालदीवला इंग्रजी शिकवायला गेला. त्या देशाची वस्ती सुमारे दोनशे लहान बेटांवर विखुरलेली आहे, आणि तिथल्या माध्यमिक शाळा बरीच वर्षे परदेशी शिक्षकांच्या जोरावर चालत आल्या आहेत. त्या शिक्षकांत भारतीयांचा भरणा मोठा आहे. त्याचे बेट पायी फिरून यायला अर्धा तासही पुरेसा होता. पाणी, मासळीचे जेवण, बोटीची वाट पाहणे, यांबद्दल त्याची तक्रार नव्हती. मुलांबद्दल तर तो अजून प्रेमाने बोलतो. त्याने दुसरा करार केला नाही त्याची कारणे त्याने वेगळीच सांगितली. वर्गातल्या अडचणीबद्दल ज्याच्याशी बोलावे असा विषयाचा दुसरा माणूस तिथे नव्हता. करार पुढे चालणार की नाही, हे शेवटपर्यंत कोणी स्पष्ट सांगत नव्हते, म्हणून तो मनाने आधीच अर्धा निघालेला होता. आणि इकडे परत आल्यावर तिथल्या अनुभवाची नोंद कोणत्याही भरतीत होणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणजे जितका जास्त काळ तिथे राहावे तितके इथल्या रांगेत मागे पडावे, असा तो हिशेब होता. एकटेपणा, अनिश्चितता आणि परतीची धास्ती, या तिन्ही गोष्टी व्यवस्थेच्या हातातल्या आहेत. समुद्र मात्र कोणाच्याच हातात नाही, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

इथे कोणी म्हणेल की, मग जन्मभर राहिलेल्यांचे काय? विदर्भाला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे, कारण आपल्याकडे असे लोक येऊन गेले आहेत. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. शाळेबरोबरच ते दगड, जीवाश्म आणि गोंडांची भाषा व गीते यांच्या मागे लागले. त्यांची ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. अठरा वर्षे झाली होती. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर मात्र प्रकृतीने साथ न दिल्याने काही वर्षांतच मायदेशी गेले होते. एका शाळेतले, एका मिशनचे, एकाच गावात राहणारे दोघे. पण आज नागपुरात नाव एकाचेच घेतले जाते. हंटर कमी निष्ठावान होते असे म्हणायला काही आधार नाही. ते आजारी पडले, इतकेच.

दुसरे उदाहरण वर्ध्याचे आहे. मार्जोरी साइक्स १९२८ मध्ये इंग्लंडहून मद्रासला एका मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, तमिळ शिकल्या, पुढे शांतिनिकेतनात गेल्या आणि मग सेवाग्रामला नई तालीमच्या कामात आल्या. तिथे १९५० च्या दशकात त्यांनी प्रामुख्याने शिक्षक घडवण्याचे काम केले. भारतातले त्यांचे वास्तव्य साठ वर्षांहून अधिक भरते. १९९५ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वारल्या. आपल्याकडे त्यांचा उल्लेख आला की निष्ठेवर बोलून थांबण्याची पद्धत आहे. मला त्यांच्या आयुष्यात दुसरेच दिसते. साठ वर्षे त्या एका जागी राहिल्या नाहीत. त्या मद्रासला काही वर्षे, शांतिनिकेतनात काही वर्षे, सेवाग्रामला काही वर्षे होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना सांभाळून घेणारा एक जिता समाज होता. हिस्लॉप यांच्या मागेही एक मिशन होते, जे घर देत होते, सहकारी देत होते, आणि एक माणूस गेला तर दुसरा पाठवत होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले ते १८८३ मध्ये, म्हणजे ते जाऊन वीस वर्षे झाल्यावर. भूतानमध्ये कॅनडाचे जेझुइट पाद्री विल्यम मॅकी १९६३ मध्ये गेले आणि १९९५ मध्ये तिथेच वारले. त्या देशातल्या आधुनिक शिक्षणाच्या पायाभरणीत त्यांचे नाव घेतात. पण पाद्रीला बायको-मुले नसतात, मुलांच्या दहावीची चिंता नसते, आणि म्हातारपणी संघ त्याला सांभाळतो. अशा माणसाच्या मुक्कामाची लांबी उरलेल्यांसाठी मापदंड म्हणून वापरणे अन्यायाचे आहे. प्रकाश आमटे यांचे हेमलकसा, अभय बंग यांचे शोधग्राम, रवींद्र कोल्हे यांचे बैरागड ही नावे घेऊन जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला लाजवण्याची आपल्या भाषणांतली रीतही अशीच आहे. ज्यांनी आपली संस्था स्वतः उभी केली, त्यांना कोणाच्या बदली आदेशाची वाट पाहावी लागत नव्हती.

आता आपल्या अवघड क्षेत्राकडे येऊ. २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी विभागणी केली आणि बदल्या संगणकावर आणल्या. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढलेला शिक्षक बदलीचा अधिकार मिळवतो, तर सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षे झालेला बदलीस पात्र ठरतो. या पद्धतीने पुढाऱ्यांची चिठ्ठी बरीच निकालात काढली, हे तिचे मोठे श्रेय आहे, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण तीन हा आकडा कशावरून आला? तो शिक्षकांमधल्या न्यायासाठी आला: कष्टाचा वाटा सगळ्यांनी थोडा थोडा उचलावा. म्हणजे अवघड शाळा ही पाळीपाळीने भोगायची शिक्षा आहे, असे खुद्द धोरणच गृहीत धरते, आणि शिक्षा भोगणारा दिवस मोजणारच. पहिलीत आलेले मूल तिसरी संपवते तेव्हा त्याचा शिक्षक मोकळा होतो आणि चौथीत, जिथे आधीचे सगळे एकत्र बांधायचे असते, तिथे नवा माणूस येतो. अनेकदा तो सत्राच्या मध्येच येतो. आंतरजिल्हा बदलीने सुटलेल्याच्या जागी तर कित्येक महिने कोणीच येत नाही, आणि दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी असणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

पैशाची बाजू अगदीच दुर्लक्षित आहे असे नाही. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणीचा, म्हणजे एक पायरी वरच्या पगाराचा, लाभ मिळतो. कोरियाने खेड्यासाठी जादा रक्कम ठेवली, तसाच हा विचार आहे, आणि तो योग्य आहे. परंतु हा लाभ नेमणुकीला चिकटलेला आहे, तिथे राहण्याला नाही. परतवाड्याहून किंवा अकोटहून रोज अप-डाऊन करणाऱ्यालाही तो मिळतो आणि गावात खोली घेऊन राहणाऱ्यालाही. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव, घरभाडे भत्ता आणि त्यावरून दर वर्षी होणारी कुरबूर हा तर आपल्याकडे स्वतंत्र विनोदाचा विषय झाला आहे. त्यात एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही: बहुतेक पाड्यांवर भाड्याने मिळेल अशी खोलीच नाही. जी आहे तिला संडास नाही. शिक्षिका असेल तर प्रश्न तिथेच संपतो. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी मिळून शिक्षकांच्या दर्जाबद्दल जी शिफारस स्वीकारली, तिच्यात दुर्गम भागातील शिक्षकांना व त्यांच्या कुटुंबांना चांगले घर, शक्यतो मोफत किंवा सवलतीच्या भाड्याने, मिळावे असे स्पष्ट म्हटले आहे. त्या शिफारशीला आता साठ वर्षे होत आली.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, बाहेरच्या शिक्षकाच्या मुक्कामाची चिंता करण्यापेक्षा स्थानिक शिक्षकच का नेमू नयेत? कोरकू मुलांना कोरकू शिक्षक, माडिया मुलांना माडिया शिक्षक. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांसह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरण्याची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली आणि तिच्यावर न्यायालयीन वादही झाले. तत्त्व म्हणून मला हा मार्ग मान्य आहे. मुलाची भाषा येणारा शिक्षक हा पहिल्या इयत्तांसाठी कोणत्याही बाहेरच्या माणसापेक्षा सरस, याबद्दल शंका घेऊ नये. फक्त दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे, इंग्रजीचे शिक्षण आज ज्यांना मिळत नाही त्यांच्यातूनच उद्याचे इंग्रजी शिक्षक यायचे आहेत, म्हणजे मधल्या पिढीत बाहेरचा शिक्षक लागणारच. दुसरी गोष्ट भूतान शिकवतो. त्या देशाने १९६० च्या दशकात भारतातून, विशेषतः केरळातून, मोठ्या संख्येने शिक्षक नेले, इंग्रजी माध्यम केले, आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्या जागी आपले स्वतःचे शिक्षक तयार केले. हे त्यांचे मोठे यश आहे. मात्र गेल्या काही वर्षांत तेच भूतानी शिक्षक मोठ्या संख्येने राजीनामे देऊन ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले, कारण चांगले इंग्रजी हाच त्यांचा परवाना ठरला. स्थानिक म्हणजे आपोआप कायमचा, हे गृहीतक टिकत नाही. धारणीचा शिकलेला कोरकू तरुणही आपल्या मुलांसाठी अमरावती शोधणार, आणि त्याने तसे करू नये असे म्हणण्याचा अधिकार अमरावतीत राहणाऱ्यांना तर मुळीच नाही.

दुसरा आक्षेप सक्तीचा आहे: बंधपत्र लिहून घ्या, दहा वर्षे हलू देऊ नका. ही सूचना दर दोन-चार वर्षांनी कोणत्या ना कोणत्या बैठकीत येते. शरीराने अडकवलेला आणि मनाने गेलेला शिक्षक हा रिकाम्या जागेपेक्षाही वाईट, कारण रिकामी जागा निदान भरावी लागते. शिवाय सक्तीचा पहिला परिणाम असा होतो की, चांगले उमेदवार त्या जिल्ह्याचा पर्यायच भरत नाहीत. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना मुले काय करतात, हे कोणत्याही डी.एड. विद्यार्थ्याला विचारावे.

मला पटणारी मुदत चार वर्षांची आहे, आणि ती जाहीर, लेखी व दोन्ही बाजूंनी बांधील असावी. पहिलीत आलेल्या मुलांसोबत आलेला शिक्षक ती मुले चौथी पास झाल्यावरच सुटेल. पण तेव्हा तो नक्की सुटेल, आणि त्याने मागितलेल्या तीन तालुक्यांपैकी एक त्याला मिळेल, हे त्याला रुजू होतानाच लेखी मिळेल. तीन वर्षांचा आजचा नियम आणि ही सूचना यांत एकाच वर्षाचा फरक आहे, असे वरकरणी वाटेल. खरा फरक हमीत आहे. आज तीन वर्षांनी अधिकार मिळतो, जागा मिळेलच असे नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी शिक्षकाचे सगळे लक्ष पोर्टलवर असते. शेवट ठरलेला असेल तर त्या माणसाला निदान मधली वर्षे मोकळ्या मनाने देता येतात, हा पीस कॉर्प्सच्या सत्तावीस महिन्यांतला खरा धडा आहे. ज्याला पुढे राहायचे असेल त्याने आणखी चार वर्षे घ्यावीत. आणि त्यासाठी त्याला विचारायचे ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, सहाव्या महिन्यात नव्हे.

पाठवण्याआधी काही आठवडे कोरकूचे किंवा माडियाचे शिक्षण द्यावे. ज्या देशांनी आपले इंग्रजी शिक्षक परदेशात पाठवले, त्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी आधी मुलाची भाषा शिकावी लागते हे साठ वर्षांपूर्वी समजले होते. आपण मात्र मराठी शिक्षकाला थेट कोरकू वर्गासमोर उभे करतो आणि महिनाभरात ‘मुले बोलतच नाहीत’ असा शेरा लिहितो. एका शाळेत एकटा नवा माणूस पाठवू नये. जवळच्या चार-पाच शाळांत एकाच वेळी आलेल्यांना निदान महिन्यातून एकदा एकत्र बसवावे, म्हणजे त्या मालदीवच्या तरुणाला जे मिळाले नाही ते मिळेल. केंद्रप्रमुखाच्या बैठकीला हे काम सांगू नये. तिथे माहितीचे तक्ते भरले जातात.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच, पण तो मला फारसा कठीण वाटत नाही. एकस्तर आणि घरभाडे भत्ता मिळून जी रक्कम शासन आज देते, तिचा एक भाग तरी प्रत्यक्ष गावात राहणाऱ्यालाच द्यावा, आणि धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड या चार तालुक्यांत केंद्रशाळेजवळ चार-सहा घरांचे एकेक आवार बांधावे, ज्यात शिक्षक, परिचारिका आणि ग्रामसेवक शेजारी राहतील. एकट्या खोलीत रात्री थांबायला जी शिक्षिका तयार होत नाही, ती अशा आवारात थांबते.

उरतो जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे वर्ग सोपवण्याचा प्रश्न, आणि तो वेळापत्रकाचा आहे. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि पुढे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाला जुना शिक्षक भेटण्याची शक्यताच नसते. म्हणून बदल्यांचे आदेश जानेवारीतच निघावेत, आणि नव्या माणसाने फेब्रुवारी-मार्चमधले निदान सहा आठवडे जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून काढावेत: कोणते मूल कुठवर वाचते, कोण लाजते, कोणाचे वडील होळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातात आणि ते मूल एप्रिलमध्ये शाळेत का नसते, हे त्याला तिथेच, त्या मुलांसमोर कळू द्यावे. सहा आठवडे एका जागेवर दोन पगार द्यावे लागतील, म्हणून वित्त विभाग हरकत घेईल. त्याच जागेवर बदलीनंतर कित्येक महिने एकही पगार जात नाही, ती बचत त्या विभागाने कधी मोजली आहे का, हे त्याला विचारावे.